जबड्याच्या हाडातली रक्तवाहिन्यांची गाठ आपोआप भरून येते का? – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी सोलापुरात दातांची डॉक्टर आहे. हा आजार दुर्मिळ आहे, पण ज्याच्या घरात निघतो त्या घरातले सगळे रात्रभर मोबाईलवर वाचत बसतात आणि सकाळी दोन टोकांचे प्रश्न घेऊन येतात, एक म्हणजे “मॅडम हे जीवघेणं आहे का” आणि दुसरं म्हणजे “आपोआप जातं म्हणे, मग कशाला काही करायचं”. दोन्हीत थोडं थोडं खरं आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते. एक गोष्ट आधीच सांगून ठेवते, वाट बघणं हा पण उपचारच आहे, पण गाठ कुठली आहे हे पक्कं कळल्यावरच, त्याच्या आधी नाही.

हे नेमकं असतं तरी काय?

हाड वरून कोरडं वाटतं पण आतून त्याच्यात भरपूर रक्त फिरत असतं. खालच्या जबड्यात तर दाढांच्या मुळांखालून एक बारीक बोगदाच जातो, त्यात नस आणि रक्तवाहिनी सोबत असतात. कधी कधी हाडाच्या आत रक्तवाहिन्यांचा नको तेवढा गुंता होतो, हाड तिथं पोकळ होत जातं आणि त्या पोकळीत रक्त भरलेलं असतं. हाडांमध्ये ज्या काही गाठी होतात त्यात अशा रक्तवाहिन्यांच्या गाठींचं प्रमाण साधारण १ टक्का किंवा त्याहून कमी, आणि त्यातल्याही बऱ्याचशा मणक्यात नाहीतर कवटीत असतात, जबड्यात थोड्याच. जबड्यात झाली तर वरच्यापेक्षा खालच्या जबड्यात जास्त, पुरुषांपेक्षा बायकांत जास्त, आणि वय बहुतेक वेळा १० ते २० च्या दरम्यानचं.

रिपोर्टवर “हिमॅन्जिओमा” लिहिलंय, नेटवर तर लिहिलंय की हिमॅन्जिओमा आपोआप जातो. मग?

इथंच सगळ्यात जास्त गोंधळ होतो, म्हणून हे नीट वाचा. १९८२ साली मुलिकेन आणि ग्लोवाकी ह्या दोन संशोधकांनी रक्तवाहिन्यांच्या गाठींची दोन गटांत वाटणी केली आणि आजपर्यंत जगभर तीच पायाभूत धरतात. पहिला गट खऱ्या हिमॅन्जिओमाचा, ह्यात रक्तवाहिन्यांच्या पेशी खरोखर वाढतात, बाळ जन्मल्यावर काही आठवड्यांत तो दिसायला लागतो, पहिल्या काही महिन्यांत झपाट्यानं वाढतो आणि मग वर्षानुवर्षं हळूहळू विरत जातो, त्या जागी चरबी आणि तंतू उरतात. लहान बाळाच्या गालावर नाहीतर ओठावर जो लाल फुगवटा दिसतो तो हा. दुसरा गट मालफॉर्मेशनचा, म्हणजे जन्माच्या आधीच रक्तवाहिनीची घडण चुकलेली असते, पेशी वाढत नाहीत पण मूल वाढतं तशी ती पण वाढते, आणि ती स्वतःहून विरघळून जायची अशी काही तिची चाल नसते.

आता गंमत नाही तर अडचण अशी की जबड्याच्या हाडातल्या गाठींना जुन्या पद्धतीनं सरसकट हिमॅन्जिओमाच म्हणत आलेत, आणि त्यातल्या बऱ्याचशा आजच्या हिशोबानं मालफॉर्मेशन असतात. त्यामुळं रिपोर्टवरचा तो एक शब्द वाचून “बाळाचा गालावरचा गेला तसा हा पण जाईल” असं धरून चालू नका. १४ वर्षांच्या पोराच्या जबड्यात आता दिसलेली गाठ आणि तीन महिन्यांच्या बाळाचा लाल डाग ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

मग जबड्यातली गाठ आपोआप भरून येते हे खोटंच का?

नाही, खोटं नाही. अशा केसेस जगात नोंदलेल्या आहेत, संख्येनं कमी आहेत पण आहेत, आणि त्या का भरतात ह्याची कारणं पण समजण्यासारखी आहेत.

मालफॉर्मेशनमध्ये पण दोन जाती. एक संथ वाहणारी, ही मुख्यतः शिरांची, म्हणजे अशुद्ध रक्त नेणाऱ्या नळ्यांची. दुसरी जोरात वाहणारी, हिला एव्हीएम म्हणतात, ह्यात धमनी थेट शिरेला जोडलेली असते, मधली केसासारखी बारीक जाळी नसतेच. आपल्याकडं समजायला सोपं म्हणजे संथ गाठ ही टाकीत साठवून ठेवलेलं पाणी, आणि एव्हीएम ही मेन लाइनला मोटर लावलेली.

संथ गाठीत रक्त रेंगाळतं, रेंगाळलं की कुठंतरी गुठळी होते. गुठळी झाली की तेवढ्या भागाचा रक्तपुरवठा थांबतो, शरीर त्या गुठळीत तंतू भरतं आणि मग कडेकडेनं नवीन हाड यायला लागतं. गुठळी आपोआप होते, कधी मार लागल्यावर, कधी आत रक्तस्राव होऊन, कधी तपासणीसाठी सुई घातल्यानंतर. एव्हीएममध्ये मात्र धमनीचं प्रेशर सतत मागून ढकलत असतं, गुठळीला टिकायला सवडच मिळत नाही, म्हणून ती आपोआप बरी होईल ह्या आशेवर बसणं मला तरी अजिबात मान्य नाही. ती वर्षानुवर्षं गप्प बसू शकते, कुठंच दुखत नाही खुपत नाही, आणि मग वयात येताना, बाळंतपणात नाहीतर मार लागल्यावर एकदम वाढते. गप्प बसलेली म्हणजे बरी झालेली नव्हे.

तिसरी शक्यता अशी की ती रक्तवाहिन्यांची गाठ नव्हतीच. पोरांच्या खालच्या जबड्यात एक साधी रिकामी पोकळी सापडते, सिंपल बोन सिस्ट म्हणतात, एक्स-रे मध्ये दातांच्या मुळांच्या मधे मधे शिरलेली दिसते, दात जिवंत असतात, त्रास काहीच नसतो. उघडून बघितलं तर आत काही नसतं नाहीतर थोडंसं पाणी-रक्त असतं. ही पोकळी काही जणांत खरोखर स्वतःहून भरून येते. एक्स-रे वर दोन्ही सारख्या दिसू शकतात, त्यामुळं कुणी “आमच्या भाच्याचं आपोआप गेलं” म्हणालं तर आधी हे विचारा की त्याचं नेमकं होतं काय.

कशी ओळखायची? लक्षणं काय?

बऱ्याचदा काहीच नसतात, दुसऱ्याच कारणानं ओपीजी, म्हणजे पूर्ण जबड्याचा एक्स-रे, काढला आणि दिसली असं होतं. असतील तर ही:

एखाद्याच दाताच्या कडेनं हिरडीतून परत परत रक्त येणं, ब्रश लावला नाही तरी. दात हलणं, आणि विशेष म्हणजे बोटानं खाली दाबला तर परत वर येणं. गालाला किंवा जबड्याला हळूहळू येणारी सूज, हिरडीला निळसर रंग, चेहऱ्याच्या एका बाजूला ठोके लागल्यासारखं वाटणं, रात्री उशीवर डोकं टेकल्यावर कानात धडधड ऐकू येणं. लहान मुलांत दुधाचा दात वेळेच्या बराच आधी हलायला लागणं.

पण घाबरून जाऊ नका, हिरडीतून रक्त येणाऱ्या १०० पेशंटमधल्या जवळजवळ सगळ्यांना हिरड्यांचा साधा आजार असतो, दातांवर कीटण बसलेलं असतं. आपल्याकडं विडी कामगार बायकांमध्ये मिश्री लावायची सवय अजून खूप आहे, त्यानं हिरड्या सुजतात, खाली सरकतात, रक्त येतं. ते सगळ्या तोंडात असतं. एकाच जागी, एकाच दाताशी आणि जास्त रक्त असेल तर मात्र दाखवा.

दात हलतोयच तर काढून टाकला तर काय बिघडतं?

ह्या एका प्रश्नासाठी मी हे सगळं लिहितेय असं समजा. हाडात जोरात वाहणारी गाठ असेल आणि तिच्यावरचा दात काढला तर ज्या खड्ड्यातून दात निघाला तिथून इतकं रक्त येऊ शकतं की नुसत्या बोळ्यानं आवरत नाही, आणि ह्यातून माणसं दगावल्याची नोंद वैद्यकीय साहित्यात आहे. म्हणून कुठलाही दात काढण्याआधी एक्स-रे काढू द्या, “एवढ्याशा दाताला एक्स-रे कशाला” म्हणून डॉक्टरशी वाद घालू नका. दोरा बांधून पोरांचे दात ओढणं, यात्रेत किंवा रस्त्याच्या कडेला बसलेल्या माणसाकडून दात काढून घेणं, हे तर बिलकुल नको.

तुकडा काढून तपासणं पण असंच. इतर गाठींत आधी बायोप्सी करतात, इथं उलटं, आधी इमेजिंग, म्हणजे सीटी-एमआरआयसारखे फोटो. शंका असेल तर बारीक सुईनं आधी ओढून बघतात, सिरिंज आपोआप लालभडक रक्तानं भरली की डॉक्टर तिथंच थांबतात.

कुठल्या तपासण्या लागतात, आणि सोलापुरात होतात का?

सुरुवात ओपीजीनं, पूर्ण जबड्याचा एकच फोटो, तो शहरात सहज होतो. त्यात मधमाश्यांच्या पोळ्यासारखी जाळी दिसू शकते, कधी मुळं झिजलेली दिसतात, कधी तो दाढांखालचा बोगदा एका बाजूला रुंद झालेला दिसतो आणि हे चिन्ह मी फार महत्त्वाचं मानते. पण ओपीजीवरून नाव ठरत नाही कारण अमेलोब्लास्टोमा, जायंट सेल ग्रॅन्युलोमा असल्या दुसऱ्या गाठी पण तशाच दिसतात. मग कॉन्ट्रास्ट, म्हणजे फोटोत रक्तवाहिन्या उठून दिसायचं औषध, देऊन सीटी अँजिओग्राफी आणि एमआरआय, त्यात रक्त जोरात वाहतंय का संथ हे कळतं, आणि मगाशी म्हटलं तसं सगळं त्यावरच ठरतं. सीटी-एमआरआय सोलापुरात होतात. जोरात वाहणारी निघाली तर पुढची जांघेतून नळी घालून करायची अँजिओग्राफी आणि त्याच बैठकीत गाठीची रक्तवाहिनी बंद करायची प्रोसिजर, त्यासाठी इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजिस्ट लागतो आणि बऱ्याचदा पुण्याला नाहीतर मुंबईला पाठवावं लागतं, मुंबईत केईएममध्ये हा विभाग आहे. आपल्या सिव्हिलला, म्हणजे छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालयात, आधी दाखवून तिथून रेफरची चिठ्ठी घेऊन गेलात तर पुढं पळापळ कमी होते. सकाळची हुतात्मा पुण्याला आणि रात्रीची सिद्धेश्वर मुंबईला, बहुतेक पेशंट ह्या दोनच गाड्यांनी जातात, फिल्म आणि सीडी दोन्ही सोबत ठेवा, नुसता कागदी रिपोर्ट नेला तर तिथं परत सगळं काढायला लावतात.

महात्मा फुले जन आरोग्य योजनेत बसतं का हे दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला आधीच विचारा, रेशन कार्ड आणि आधार जवळ ठेवा, ॲडमिट झाल्यावर धावाधाव करण्यापेक्षा हे बरं.

डॉक्टर म्हणाले “सध्या काही करू नका, लक्ष ठेवू”. ते टाळतायत का?

नाही हो. गाठ संथ आहे, लहान आहे, रक्त येत नाही, दात घट्ट आहेत, चेहरा वाकडा होत नाही, आणि फोटोत कडेनं हाड भरायची चिन्हं दिसतायत, अशा वेळी हात न लावणं हाच चांगला निर्णय असतो. पोराच्या जबड्यावर मोठं ऑपरेशन म्हणजे येणारे पक्के दात, जबड्याची वाढ, ओठाची संवेदना ह्या सगळ्यावर परिणाम होऊ शकतो, मग जी गोष्ट स्वतःच्या पायानं चाललीय तिला कशाला छेडायचं.

पण “लक्ष ठेवू” ह्याचा अर्थ तारखा ठरलेल्या. साधारणपणे सुरुवातीला तीन-चार महिन्यांनी, मग सहा महिन्यांनी, मग वर्षानं असं बोलावतात, पेशंटप्रमाणं बदलतं. मी बघते की पहिल्या दोन तारखांना आई-वडील दोघं येतात, तिसऱ्याला फोन येतो की “आता बरंय, नंतर येतो”, आणि मग गायब. कृपा करून असं करू नका. दुखत नाही म्हणून बरं झालं असं इथं ठरवता येत नाही, कारण पहिल्यापासूनच दुखत नव्हतं.

भरून येतंय हे फोटोत कसं कळतं?

पोकळीची कड आत सरकायला लागते, काळ्या भागात बारीक पांढऱ्या रेषा उमटायला लागतात, म्हणजे नवीन हाडाची जाळी, आणि दाताच्या मुळाभोवतीची जी पांढरी रेघ पुसली गेली होती ती परत दिसते. हे महिन्यांचं, कधी वर्षांचं काम आहे. जुना आणि नवा फोटो शेजारी ठेवूनच कळतं, म्हणून शक्यतो एकाच सेंटरवर, एकाच पद्धतीनं काढा. आणि नुसतं हाड दिसलं म्हणून खूश व्हायचं नाही, आतला प्रवाह थांबलाय का हे एकदा एमआरआयवर बघून घेतलेलं बरं.

सूज कमी होणं हा पुरावा नाही. आत रक्तस्राव होऊन सूज आली असेल तर ती तशी पण उतरते.

इतके एक्स-रे काढून पोराला कॅन्सर होईल का?

एका ओपीजीचं रेडिएशन हे आपल्याला जमिनीतून, आकाशातून दोन-चार दिवसांत नैसर्गिकरीत्या मिळतं तेवढंच. सीटीचं जास्त असतं म्हणून तो सारखा काढत नाहीत. एमआरआयमध्ये रेडिएशन नसतंच.

उपचार करायचेच झाले तर काय करतात?

संथ गाठीत सुईनं औषध सोडतात, सोडियम टेट्राडेसिल सल्फेट, पॉलिडोकॅनॉल, ब्लिओमायसिन अशी औषधं आहेत, त्यानं आतलं अस्तर चिकटतं आणि गुठळी होऊन जागा बंद होते, म्हणजे निसर्ग जे कधीतरी करतो तेच ठरवून करायचं. ह्याला स्क्लेरोथेरपी म्हणतात, एकापेक्षा जास्त बैठका लागू शकतात. जोरात वाहणाऱ्या गाठीत एम्बोलायझेशन, नळीतून गाठीपर्यंत जाऊन गोंदासारखं औषध, बारीक कण किंवा तारेची बारीक कॉइल सोडून रस्ता बंद करतात, कधी कधी थेट हाडातून सुई घालून पण. बऱ्याच पेशंटमध्ये त्यानंतर पुढच्या महिन्यांत पोकळीत हाड भरून येतं, मोठं ऑपरेशन टळतं. टळलं नाही तर एम्बोलायझेशननंतर एक-दोन दिवसांत ऑपरेशन ठेवतात, कारण उशीर केला की आजूबाजूच्या वाहिन्यांतून रक्त परत पोचतं.

पूर्वी मानेतली मोठी धमनी बांधून टाकायचे. आता मुद्दाम तसं करत नाहीत, रक्त दुसऱ्या वाटांनी येतंच आणि वर नळी घालायचा रस्ता मात्र कायमचा बंद होतो.

गोळ्या देऊन जात नाही का? प्रोप्रॅनोलॉल म्हणून काहीतरी वाचलं.

ते बाळांच्या खऱ्या हिमॅन्जिओमासाठी. २००८ मध्ये फ्रान्समधल्या बोर्दोच्या डॉक्टरांनी दाखवून दिलं की हृदयासाठी दिलेल्या ह्या गोळीनं बाळाचा हिमॅन्जिओमा पण बसतो, आणि तेव्हापासून तो पहिला उपचार झाला. मालफॉर्मेशनवर तो चालत नाही. काही मालफॉर्मेशनमध्ये सिरोलिमस नावाचं औषध वापरतात, पण ते मोठ्या सेंटरच्या देखरेखीखाली, रक्त तपासत तपासत. मेडिकलमधून स्वतः आणून द्यायची ही औषधं नव्हेत.

शेक, लेप, जळू, मसाज?

नको. गरम शेकानं रक्तवाहिन्या पसरतात, चोळल्यानं आत मार बसतो. जळू लावणं तर हिरडीपाशी फारच धोक्याचं. तुमचा वैद्यांवर विश्वास असेल तर तब्येतीसाठी जरूर जा, पण त्यांना एमआरआय दाखवा आणि जबड्याला हात लावू देऊ नका.

खाण्यापिण्याचं काय? कडक भाकरी बंद का?

सोलापुरात हा प्रश्न येणारच. हाड पातळ झालेलं असेल, दात हलत असेल तर कडक भाकरी तशीच मोडून चावू नका, आमटीत चांगली भिजवून कुस्करून खा, चव तशी पण त्यातच आहे. शेंगदाण्याची चटणी दह्यात कालवून. फुटाणे, ऊस, बर्फ चावणं ह्या गोष्टी त्या बाजूनं टाळा. एक-दोनदा रक्त येऊन गेलं असेल तर त्या दिवशी गरम चहा-कॉफी पण कोमट करून. बाकी पथ्य काही नाही, वांगं खाल्ल्यानं गाठ वाढत नाही.

ब्रश सोडू नका हे मात्र आवर्जून सांगते. रक्ताच्या भीतीनं त्या बाजूला ब्रशच लावत नाहीत, मग कीटण साचतं, हिरडी सुजते आणि रक्त अजून वाढतं. मऊ ब्रश घ्या. दुखलं तर पॅरासिटामॉल, ॲस्पिरिन-आयब्युप्रोफेन स्वतःच्या मनानं नको. हृदयासाठी ॲस्पिरिन चालू असेल तर ती पण स्वतःच्या मनानं बंद करू नका, विचारा.

अचानक भरपूर रक्त यायला लागलं तर?

पेशंटला बसवा, आडवं करू नका. स्वच्छ कापडाची नाहीतर गॉजची घट्ट घडी करून त्या जागेवर ठेवा आणि जोरात चावून धरायला लावा, लहान मूल असेल तर तुम्ही बोटानं दाबून धरा, आणि सारखं उचलून बघू नका. दात निघून हातात आला असेल आणि खड्ड्यातून रक्ताची धार लागली असेल तर तो दात परत खड्ड्यात बसवून वरून दाबा, त्यानं बुचासारखा अडसर होतो. गुळण्या करू नका, हळद-तंबाखू भरू नका. १०८ ला फोन करा आणि ज्या मोठ्या दवाखान्यात रक्तपेढी आहे तिकडंच जा, छोट्या क्लिनिकमध्ये वेळ घालवू नका. गाठ आहे हे माहीत असलेल्या घरात हे सगळ्यांना आधीच सांगून ठेवा, आजीला पण, आणि रक्तगट लिहून ठेवा.

पोरीचं लग्न ठरवायचंय, सांगायचं का? पुढं मुलांना होईल का?

हे मला आया कुजबुजत विचारतात. हा आजार लागट नाही, कॅन्सर नाही, आणि एकाच जागी असलेली गाठ सहसा वारसानं जात नाही. मूल होण्यात अडचण नाही. फक्त दिवस गेल्यावर अशा गाठी वाढू शकतात, म्हणून बाळंतपणाच्या डॉक्टरांना पहिल्याच भेटीत सांगायचं आणि जमलं तर लग्नाआधी एकदा नवीन एमआरआय काढून घ्यायचा. मला विचाराल तर सांगावं, कारण सासरी कुणाला माहीत नसताना तिला दात काढायला नेलं तर तिच्या जिवाशी खेळ होईल. लपवून ठेवण्यासारखं ह्यात काहीच नाही.

पूर्ण भरली म्हणाले, आता सुट्टी ना?

हाड भरलेलं, प्रवाह थांबलेला, रक्त नाही, असं असेल तरी काही वर्षं वर्षातून एकदा दाखवा, आणि वयात येणारी मुलं असतील तर ती वाढ संपेपर्यंत. पुढं आयुष्यात कधीही कुठल्याही दातांच्या डॉक्टरकडं गेलात तर, नुसता दात साफ करायला गेलात तरी, खुर्चीत बसण्याआधी ही जुनी गोष्ट सांगा आणि शेवटचा फोटो दाखवा. फोटोंचा मोबाईलमध्ये एक फोल्डर करा आणि घरातल्या दुसऱ्या कुणाच्या तरी मोबाईलमध्ये पण टाकून ठेवा.